तर्जनी मिटून वाजवणारी पोरं

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
नोव्हेंबर २०२५

प्रिय संज्या,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तू जे बोलून गेलास ते मला पटलेलं नाही. तू म्हणालास, रॉकवाल्यांत ज्यांना लोक लेजंड म्हणतात त्यांचं गुपित दोनच गोष्टींत आहे: एक तर ते तरणेताठे मेले, नाहीतर कंपन्यांनी त्यांना विकलं. फोनवर हा विषय अर्धवटच राहतो, म्हणून सरळ कागद घेतला. यंदा पावसानं बोंडं सडवली, त्यामुळं दुसरा वेचा लवकर आटोपला आणि दुपारी थोडी सवड मिळते आहे.

आधी मरणाचं घेऊ. ब्रायन जोन्स १९६९ ला गेला, हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन १९७० ला, जिम मॉरिसन १९७१ ला, कर्ट कोबेन १९९४ ला. सगळे सत्तावीस वर्षांचे. मान्य. पण सत्ताविसाव्या वर्षी गेलेले वाजवणारे काय एवढेच असतील? बाकीच्यांची नावं आज त्यांच्या घरच्यांपलीकडं कोणाला ठाऊक नाहीत. मरणानं लोक हळहळतात. पण त्या हळहळीनं कोणी गिटार उचलून रात्ररात्र बसत नाही.

आता ब्लॅक सब्बाथ या बँडच्या गिटारवाल्याचं, टोनी आयोमीचं ऐक. हा माणूस जिवंत आहे आणि पंचाहत्तरी ओलांडून बसला आहे. बर्मिंगहॅमचा पोरगा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. सतरा वर्षांचा होता, कामाचा शेवटचा दिवस होता, दुसऱ्या दिवसापासून एका बँडसोबत निघायचं होतं. दुपारी जेवायला घरी आला तर परत जायचं मनच नव्हतं. आईनं सांगितलं, जा, दिवस पुरा कर. गेला, आणि यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच.

कारखान्यातला वरिष्ठ त्याला भेटायला आला तो जँगो राइनहार्टची तबकडी घेऊन. आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी झालेला आणि उरलेल्या बोटांवर गिटार वाजवणारा माणूस. ते ऐकून आयोमीनं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, गोळा केला, तापल्या लोखंडानं त्याला भोक पाडलं, घासून घासून बोटाच्या मापाचं टोपण केलं आणि वरून जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं, तार निसटू नये म्हणून. जाड तारा दुखायच्या, तेव्हा बँजोच्या पातळ तारा लावल्या. सब्बाथच्या १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपर्यंत त्यानं गिटार दीड स्वर खाली उतरवली होती. तारा सैल झाल्या, बोटांना सोपं गेलं, आणि आवाज असा जड झाला की तसा आधी कोणी ऐकला नव्हता.

संज्या, मला सांगायचंय ते इथं आहे. आयोमीची ती अडचण होती. पुढच्या पन्नास वर्षांत जगभरच्या पोरांनी, दहाही बोटं धड असलेल्या पोरांनी, आपल्या गिटारी मुद्दाम खाली उतरवल्या. एकाची गरज दुसऱ्यांनी आवडीनं आपली केली. माझ्या लेखी माणूस दंतकथा होतो तो यानं.

हे मला पुस्तकातून सुचलं नाही. आपल्या भजनी मंडळातले ढोलकीवाले काका तुला आठवत असतील. कडबाकुट्टीत त्यांच्या उजव्या तर्जनीची दोन पेरं गेली, तेव्हा आपण नागपूरला होस्टेलवर होतो. ढोलकीच्या चाटेवर तर्जनी खणकन पडते तो बोल त्यांचा गेला. त्या जागी ते करंगळीकडच्या दोन बोटांनी दाबून मारायला लागले. बोल जरा उशिरा येतो आणि दबका येतो. भजन त्यामुळं मागं ओढल्यासारखं चालतं आणि ऐकणारा आपोआप डोलायला लागतो. परवा एकादशीला मी मुद्दाम पोरांच्या हातांकडं बघत बसलो. मंडळातली दोन्ही नवी पोरं तर्जनी तळहातात मिटून वाजवत होती! काकांनी बघितलं आणि खेकसले, "अबे, तुमचं बोट हाये ना शाबूत, मंग लपवता काऊन?" पोरं हसली, पण बोट काही बाहेर काढलं नाही. त्यांना तसाच बोल पाहिजे होता. काकांना कोणत्या कंपनीनं विकलं, सांग.

हेंड्रिक्सचंही असंच. डावखुऱ्या माणसानं उजव्या हाताची गिटार उलटी धरली आणि तारा फिरवून लावल्या. सप्टेंबर १९६६ मध्ये लंडनला उतरला आणि सप्टेंबर १९७० मध्ये तिथंच संपला. चार वर्षांत स्टुडिओतले तीन अल्बम. वूडस्टॉकच्या त्या मोठ्या जलशात तो मंचावर आला तेव्हा सोमवारची सकाळ झाली होती, बहुतेक गर्दी घरी निघून गेली होती. उरलेल्यांसमोर त्यानं अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारवर असं वाजवलं की मधेच बॉम्ब पडल्याचा भास व्हावा, आणि तिकडं व्हिएतनाममध्ये खरेच पडत होते. पुढं गिटार कंपनीनं उजव्या हातानं वाजवणाऱ्यांसाठी उलट्या डोक्याच्या गिटारी बाजारात आणल्या. ज्यांना उलटं धरायची काही गरजच नव्हती त्यांनी त्या विकत घेतल्या.

तू म्हणशील, विकलंच की शेवटी. विकलं, नाही म्हणत नाही. त्या सकाळी फिल्म घेणारा नसता तर आपल्या दोघांपर्यंत ते पोचलंच नसतं. पण विकणारा तबकडी दुकानापर्यंत आणतो, तीच ओळ पुन्हा पुन्हा लावून बोटं सोलेपर्यंत बसवायला तो लावू शकत नाही. रॉबर्ट जॉन्सनचं बघ, रॉक ज्यातून निघालं ते ब्लूज गाणारा अमेरिकेतला गिटारवाला. १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्ससमध्ये दोनदा ध्वनिमुद्रण झालं, एकूण २९ गाणी. १९३८ मध्ये मेला, तोही सत्तावीसचाच, आणि त्याच्या मुलखाबाहेर फारसं कोणाला कळलं नाही. १९६१ मध्ये त्याच्या गाण्यांची एलपी निघाली आणि ती इंग्लंडच्या पोरांच्या हाती लागली. रोलिंग स्टोन्स बँडच्या कीथ रिचर्ड्सला पहिल्यांदा ऐकताना वाटलं, दोघं जण वाजवताहेत. एकटाच होता! चौफुलीवर सैतानाला आत्मा विकून वाजवायला शिकला म्हणतात. आपल्याकडं तिवाट्यावरच्या गोष्टी असतात तशी ती गोष्ट. अशा गोष्टीनं नाव तोंडी राहतं एवढंच. इंग्लंडच्या एरिक क्लॅप्टन या गिटारवाल्यानं मात्र ती गाणी बसवली, आणि जॉन्सन पुन्हा उभा राहिला तो तिथं.

आणि जॉन्सनचा हा मुलूख कोणता? मिसिसिपी डेल्टा, नजर जाईल तिथवर कापूस. तिथल्याच मडी वॉटर्सचं गाणं १९४१ मध्ये पहिल्यांदा मुद्रित झालं ते कापसाच्या मळ्यावरच्या त्याच्या खोपटात. दोन वर्षांनी तो शिकागोला गेला, तिथल्या गुत्त्यांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकूच येईना, म्हणून वीजेची घेतली. त्याच्या १९५० च्या गाण्यावरून लंडनच्या पोरांनी आपल्या बँडला रोलिंग स्टोन्स नाव दिलं. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला इंग्लंडात, लँकेशायरच्या गिरण्यांत भाव आला, हे आपण शाळेत वाचलंय. या गाण्यांचं मूळ पऱ्हाटीतच आहे हे मात्र कोणी सांगितलं नाही. मला ते कळलं तेव्हा धुऱ्यावर उभा राहून मी आपल्याच वावराकडं बघत राहिलो.

माझ्या या म्हणण्यात क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी नीट बसत नाही, हे तूच काढशील म्हणून आधीच लिहितो. पाचगणीच्या बोर्डिंगात शिकलेलं पारशी पोर. त्याचा गळा कोणाला उचलता येत नाही, प्रयत्न करणारे उघडे पडतात. पण १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर वीसेक मिनिटांत त्यानं काय केलं? एक तान फेकायची आणि सत्तर हजारांनी ती परत द्यायची. गाडगेबाबांच्या कीर्तनात 'गोपाला गोपाला' कोणाचं असायचं, बाबांचं की समोर बसलेल्यांचं? फ्रेडीचं गाणं गायकांनी नाही, गर्दीनं उचललं. तुला हे ओढूनताणून वाटत असेल तर तसं लिही, मी वाद घालायला तयार आहे.

यंदाचा ५ जुलै तू पाहिलास का? बर्मिंगहॅमला व्हिला पार्कवर, म्हणजे त्यांच्या लहानपणच्याच भागात, ब्लॅक सब्बाथनं शेवटचं वाजवलं. कंपवातानं त्यांच्या गायकाला, ऑझीला, उभं राहता येत नव्हतं, तो सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. त्याच्या आधी दिवसभर मेटॅलिका, गन्स अँड रोझेस आणि कितीतरी जण येऊन गेले, आणि बहुतेक सगळ्यांनी आपल्या गाण्यांसोबत सब्बाथची गाणी वाजवली. पुढं २२ जुलैला ऑझी गेला. मी ते सगळं मागाहून, हरभऱ्याला पाणी देताना मोबाइलवर पाहिलं. रात्रीचीच लाईन असते, मोटर चालू करून बांधावर बसलो होतो. स्वतःची स्टेडियमं भरणारी माणसं दुसऱ्याची गाणी वाजवायला रांगेत उभी होती, हे बघून डोळ्यांत पाणी आलं.

तुझ्या पोरानं गिटार घेतली म्हणतोस. त्याला सब्बाथचं अगदी पहिलं, बँडच्याच नावाचं गाणं लावून दे. सुरुवातीला तीनच स्वर आहेत: षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. मी पेटीवर काढून पाहिले, ते सहज निघतात, पण त्या मध्यमावर किती थांबायचं तेच साधत नाही. पोराला जमलं तर रेकॉर्ड करून पाठव. काकांनाही ऐकवायचंय. आणि हुरड्याला याल तेव्हा गिटार घरी ठेवून येऊ नका, मंडळातल्या पोरांनी आत्तापासून विचारणं सुरू केलंय.

वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझाच,
विन्या