आबांच्या गाडीची स्प्रिंग

कोल्हापूर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू रागावला असशील, तर तो राग रास्तच आहे. आईचा गुडघा तसाच आहे, बाकी सर्व ठीक. आज लिहितो आहे ते आबांच्या यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलविषयी.

आईला मागे बसवून जोतिबाला जाताना प्रत्येक खड्ड्यात टायर मडगार्डला घासू लागला, तेव्हा मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगा घरीच बदलायला घेतल्या. गाडी डबल स्टँडवर घेऊन एका वेळी एकच शॉकअप काढला, म्हणजे दुसऱ्याच्या आधाराने चाक जागेवर राहते. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरने स्प्रिंग दाबून लॉक काढले. उद्यमनगरात तू हेच काम पायाने दाबून करायचास आणि त्यावरून आपले कडाक्याचे भांडण व्हायचे. माझे म्हणणे मी अजून मागे घेतलेले नाही. सुटलेली स्प्रिंग बोटे कोणाची ते पाहत नाही.

खरी काळजी पुढेच आहे. १९९६ साली या गाडीचे उत्पादन थांबले, त्यामुळे बाजारात मिळेल ती स्प्रिंग घ्यावी लागते. जाडी मोजायला व्हर्नियर लावला, तर जुनीची तार ७ मिलिमीटर आणि नवीची ७.५ भरली, वेढे आणि व्यास तेच. परंतु ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे नवी स्प्रिंग जवळजवळ एक तृतीयांशाने कडक झाली. स्प्रिंगचा ताण कमीजास्त करणारी खालची कॉलर अगदी पहिल्या खाचेत ठेवली तरी ती मऊ होणार नाही, फक्त गाडीची उंची बदलेल. दाबलेली स्प्रिंग जोराने उसळणार आणि ती उसळी शॉकअपच्या आतल्या तेलानेच आवरायची. स्प्रिंग काढल्यावर डाव्या शॉकअपचा दांडा ओढताना एकसारखा जड लागतो. उजवा मात्र मध्येच क्षणभर हलका पडतो, म्हणजे तिथे तेल त्याला आवरत नाही, आणि तेल अडवणाऱ्या सीलभोवती तेलाचा टिपूसही नाही. उतारावर आई मागे असताना चाक उड्या मारू लागले तर काय, या विचाराने झोप लागत नाही.

स्प्रिंग थकत नाही, तेल थकते, असे तू म्हणायचास. दोन्ही जुन्या स्प्रिंगा फरशीवर शेजारी उभ्या केल्या, तर उजवी स्पष्ट बुटकी दिसते. म्हणजे दोन्ही थकतात, मित्रा.

तुझ्या बदलीचे काय झाले? चिरंजीवांच्या दहावीचे पेढे अजून पोहोचलेले नाहीत. वहिनींना नमस्कार.

उजवा शॉकअप मी अजून जोडलेला नाही. रविवारी ये आणि तो दांडा एकदा तुझ्या हाताने ओढून पाहा. तू नको म्हणालास तर दोन्ही शॉकअप नवे घेईन.

तुझा,
विजय