अन्न हाताळणाऱ्यांची स्वच्छता ही आधी मालकाची जबाबदारी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिंहस्थाच्या तयारीत रस्ते, पूल आणि घाट यांविषयी रोज वाचायला मिळते. परंतु येणाऱ्या लाखो भाविकांना जे हात रांधून वाढणार आहेत, त्यांच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मी कॉलेज रोडजवळ 22 वर्षे विद्यार्थ्यांची मेस चालवली. त्या अनुभवावरून, आणि त्यात माझ्या हातून झालेल्या एका चुकीवरून, हे पत्र लिहीत आहे.

नियम कमी आहेत असे मुळीच नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 मध्ये झाला आणि त्याखालील परवाना व नोंदणीचे नियम 2011 मध्ये आले. त्या नियमांच्या चौथ्या अनुसूचीत अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, आतड्यांच्या संसर्गजन्य रोगांविरुद्ध लस, कापलेली नखे, झाकलेले केस आणि स्वच्छ कपडे हे सारे सांगितलेले आहे. अन्न तयार होते त्या जागेत तंबाखू खाण्यास व थुंकण्यास मनाई आहे. जुलाब, उलट्या, कावीळ, ताप किंवा त्वचेवर पिकलेली जखम असणाऱ्या व्यक्तीला अन्नाला हात लावू देऊ नये, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. हे नियम मला पाठ होते, तरीही माझ्या स्वयंपाकघरात ते मोडले गेले.

माझ्याकडे पोळ्या लाटायला एक ताई येत असत. एका श्रावणात त्यांना दोन दिवस जुलाब होत होते, पण त्यांनी ते मला सांगितले नाही, कारण खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी कापली जाई, आणि तसा नियम मीच घालून दिला होता. त्यांचा उतरलेला चेहरा मला दिसला होता. परंतु 70 डबे वेळेवर जायचे होते, म्हणून मी विचारले नाही. दोन दिवसांनी एकाच वसतिगृहातील 11 मुले आजारी पडली. पोळी तव्यावर भाजली जाते, तेव्हा दोष पोळीचा नसावा. पण पोळ्या आटोपल्यावर कोशिंबिरीची काकडी त्याच ताईंनी चोचवली होती. प्रयोगशाळेत काहीही तपासले गेले नाही, तरी मला शंका उरली नाही, आणि त्या मुलांच्या आईवडिलांना फोनवर काय सांगावे हे मला त्या दिवशी सुचले नव्हते.

आपल्या नाशिकच्या मिसळीचेच उदाहरण घ्या. रस्सा उकळता असतो, त्यात जंतू टिकत नाहीत. मात्र त्यानंतर ताटात येणारा चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, शेव आणि पाव हे सगळे बहुतेक ठिकाणी बोटांनीच येते, आणि पुढे त्याला आच लागत नाही. ‘आमची माणसे धडधाकट आहेत’ हे मालकांचे नेहमीचे उत्तरही पुरेसे नाही. ‘अ’ प्रकारच्या काविळीचा रुग्ण डोळे पिवळे दिसण्याच्या आधीच्या दिवसांत सर्वाधिक संसर्ग पसरवत असतो. विषमज्वराचे जंतू तर काही माणसांच्या शरीरात वर्षानुवर्षे राहतात आणि त्या माणसाला काहीही होत नाही. न्यूयॉर्कमध्ये 1907 साली शोधून काढलेली मेरी मॅलन ही स्वयंपाकीण स्वतः ठणठणीत होती, पण तिने काम केलेल्या घरांत मागोमाग विषमज्वराचे रुग्ण निघत गेले. पिकलेल्या बोटाची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यातील जंतू खव्यात किंवा दुधाच्या मिठाईत गेले आणि तो पदार्थ काही तास उघड्यावर राहिला, तर त्यात तयार होणारे विष पुन्हा उकळूनही नाहीसे होत नाही. हातमोज्यांवर माझा फारसा भरवसा नाही, कारण मोजा घातलेल्या हातानेच नोटा घेतल्या जातात आणि त्याच हाताने पावही दिला जातो. शौचानंतर आणि कामाला लागण्यापूर्वी साबण व वाहते पाणी यांनी हात धुणे, हाच खरा बंदोबस्त आहे.

तो करायची सोय कामगाराला असते का, हे आपण पाहतच नाही. काही दिवसांपूर्वी पंचवटीतील एका हॉटेलात पुढचे बेसिन बंद होते म्हणून मी मागच्या बाजूला गेले. शौचालयाबाहेर प्लास्टिकचे पिंप होते, त्यात मग तरंगत होता आणि साबण कुठेही नव्हता. आतून आलेल्या मुलाने तोच मग बुडवून हातावर पाणी घेतले आणि खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले. त्याच फडक्याने तो टेबले पुसत होता. वय असेल एकोणीस-वीस. मागच्या खोलीतच राहतो आणि त्याच्याकडे दोनच शर्ट आहेत, असे त्याने सांगितले. त्याला अस्वच्छ म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

नियम लावताना माणूसही पाहावा लागतो. हातात दागिने नकोत हे बरोबरच आहे. काचेच्या बांगड्यांच्या फटीत सकाळची कणीक वाळून बसलेली मी अनेकदा पाहिली आहे आणि ती नुसत्या पाण्याने निघत नाही. पण सवाष्ण बाईला ‘बांगड्या काढून ये’ असे फर्मावले, तर ती काम सोडेल किंवा मालकिणीची पाठ वळली की पुन्हा घालेल. आम्ही बांगड्या कोपराकडे सारून त्यावर सुती, इलॅस्टिकच्या बाह्या चढवायला सुरुवात केली, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत आणि डोक्याला रुमाल. बाह्यांचे तीन जोड प्रत्येकीला मेसकडून मिळत आणि त्या मेसमध्येच धुतल्या जात. पहिल्या आठवड्यानंतर कोणालाही सांगावे लागले नाही. आजारपणाचे पैसे कापणेही मी त्या श्रावणापासून बंद केले, आणि पुढे मेस बंद होईपर्यंत एकाही वर्षी सगळ्यांच्या मिळून 12-13 दिवसांपेक्षा जास्त पगारी रजा झाली नाही. त्याआधी मजुरी कापून मी जे वाचवत होते ते एवढेच होते.

नाशिकचे सिंहस्थ पावसाळ्यात येते, म्हणजे पोटाचे विकार जेव्हा वाढतात नेमक्या त्याच दिवसांत. 2027 मध्ये तपोवनापासून त्र्यंबकेश्वरपर्यंत अन्नछत्रे आणि तात्पुरते स्टॉल उभे राहतील. धार्मिक वा सामाजिक कार्यक्रमात अन्नवाटप करणाऱ्यांनाही नोंदणीचा नियम लागू आहे, हे अनेक मंडळांना ठाऊक नाही. अन्न व औषध प्रशासनाने आणि महापालिकेने ही नोंदणी करून घेतानाच दोन गोष्टी पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे. कामगारांसाठी शौचालयाला लागून तोटीचे पाणी आणि साबण आहे का, हे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावे. आणि तेथे काम करणाऱ्या किमान एका व्यक्तीला, मालकाला बाजूला ठेवून, ‘जुलाब लागले तर त्या दिवसाची मजुरी मिळते का’ एवढे विचारून तिचे उत्तर तपासणीच्या नोंदीत लिहून घ्यावे.

आपली विश्वासू,
एक वाचक (माजी मेसचालक),
नाशिक