लॅगिंगखालचा पाइप तपासतो कोण? कामगारमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आपल्या खात्याखाली येते, म्हणून हे पत्र आपल्याला.

रोहा, महाड, लोटे-परशुराम या पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात गुंडाळलेले पाइप दिसतात. पाइपवर उष्णता रोखणारे रॉकवूल किंवा ग्लासवूल (दगड किंवा काचेच्या तंतूंची लोकर), त्यावर पत्रा. कारखान्यात याला लॅगिंग म्हणतात. माझी नोकरी असेच पाइप तपासण्यात गेली. पत्रा जितका नवा आणि चकचकीत, तितका मला संशय जास्त यायचा. जुन्या गंजावरच नवा पत्रा चढवलेला मी अनेकदा पाहिला आहे.

कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो पत्र्याच्या सांध्यांतून, सपोर्टच्या कडेने, व्हॉल्व्हपाशी कापलेल्या टोकांतून आत जातो. शिवाय पाय देऊन चेपलेल्या जागा असतातच. (प्लॅटफॉर्म नसेल तिथे कंत्राटी कामगार चढणार कशावर? पाइपवरच.) आत शिरलेले पाणी लोकर धरून ठेवते आणि ते बाहेरून कुणालाच दिसत नाही. लॅगिंगखालच्या गंजासाठी कार्बन स्टीलला (साध्या पोलादाला) साधारण उणे 4 ते 175 अंश सेल्सिअस हा तापमानाचा पट्टा धोक्याचा, त्यातही 80 ते 110 च्या आसपासचा भाग सर्वांत वाईट. मिठागरात होते तेच इथे होते: पाणी उडते, क्षार मागे राहतो आणि पुढच्या पावसात तोच क्षार पुन्हा कामाला लागतो. ‘लाइन गरम आहे, म्हणजे कोरडीच असणार’ हे मी मोठ्या हुद्द्यावरच्या माणसांकडूनही ऐकले आहे. बॅच प्लांटमध्ये, म्हणजे माल घाण्याघाण्याने बनतो तिथे, तर लाइन दिवसातून कितीदा तापते आणि थंड होते! पाण्याला तेवढी उसंत पुरते.

हा गंज सगळीकडे सारखा चढत नाही. पाइपच्या पोटाला, एल्बोच्या (वळणाच्या) खाली, उभ्या लाइनच्या तळाशी चट्टे पडतात. चार इंची शेड्यूल 40 (जाडीचा एक प्रमाणित वर्ग) पाइपची भिंत 6 मिलिमीटरची. खाऱ्या, दमट हवेत वर्षाला अर्धा मिलिमीटर धातूही जाऊ शकतो. या हिशेबाने भोक पडायला बारा वर्षे, आणि आत दाब असेल तर पाइप त्याच्या कितीतरी आधी फुटेल. स्टेनलेस स्टीलचे दुखणे वेगळे. तिथे क्लोराइडमुळे बारीक तडे जातात. जाडी मोजली तर ती शाबूत भरते.

आता कागदाकडे येतो. दाबाखालच्या यंत्रसामग्रीची ठरावीक मुदतीने सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घ्यावी लागते. प्रत्यक्षात ‘बाह्य तपासणी’ म्हणजे बहुतेक वेळा पत्र्याची तपासणी. व्हेसलची (दाबाच्या टाकीची) पाटी वाचली जाते, सेफ्टी व्हॉल्व्ह पाहिला जातो, आणि दोन व्हेसलना जोडणारी, लॅगिंगखालची तीस मीटर लाइन ‘समाधानकारक’ या एका शब्दात आटोपते. तपासनीसाला दोष देऊन काय होणार? लॅगिंग उघडा असे त्याला कुणी सांगितलेलेच नसते, आणि उघडल्याचे पैसेही कुणी देत नाही.

म्हणून मागणी एकच आहे. तपासणीच्या नमुन्यात एक सक्तीचा रकाना घाला: लॅगिंग कुठे उघडले, तिथे जाडी किती भरली, मागच्या वेळी किती होती. स्टेनलेस असेल तर पेनिट्रंट टेस्टचा (रंगद्रव लावून तडे शोधण्याच्या चाचणीचा) निकालही त्यात यावा. हा रकाना रिकामा असेल, तर प्रमाणपत्र ग्राह्य धरू नये. सगळी लाइन सोलायची गरज नाही. कुठे उघडायचे हे ठरवता येते आणि अमेरिकेतल्या एपीआय या पेट्रोलियम उद्योगाच्या संस्थेची 583 क्रमांकाची शिफारस नेमकी याच विषयावर आहे. प्रोफाइल रेडिओग्राफीने (पाइपच्या कडेचा क्ष-किरण फोटो) किंवा पल्स्ड एडी करंटने (चुंबकीय स्पंदांनी जाडी अजमावणे) पत्रा न काढताही अंदाज येतो. मात्र संशय आला की उघडलेच पाहिजे.

नव्या लाइनबाबतही थोडे. ‘झाकायचेच आहे, मग रंग कशाला’ या विचाराने लॅगिंगखाली नुसता प्रायमर मारतात. तिथे इपॉक्सी फिनॉलिक हा उष्णता सोसणारा रंग किंवा वितळवून फवारलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा थर हवा. झिंकचा प्रायमर एकटा तिथे चालत नाही. गरम, ओल्या जागी तो पोलादाला वाचवायचे सोडून देतो. आणि हात भाजू नये एवढ्यासाठीच जिथे लॅगिंग आहे, तिथे ते काढून जाळी बसवली तर दुखणेच संपते.

उघडण्याचे काम एप्रिल-मेमध्ये व्हावे. ते करणाऱ्यांना आधी एक गोष्ट शिकवली पाहिजे: चालू लाइनवरचे गंजाचे पापुद्रे खरवडायचे नाहीत. कधीकधी त्या पापुद्र्यानेच गळती धरून ठेवलेली असते. असा पापुद्रा दिसला की आधी लाइनचा दाब उतरवायचा, मगच ब्रश हातात घ्यायचा.

आपला,
एक निवृत्त पाइपिंग इन्स्पेक्टर
जि. रत्नागिरी