आमच्या घरातली अडगळ ज्यांनी मार्गी लावली, त्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

रोज सकाळी पावणेआठला तुमच्या कचऱ्याच्या ढकलगाडीची चाकं कोपऱ्यावर वाजतात. मी दोन्ही बादल्या घेऊन फाटकाशी येते, दोन मिनिटं बोलणं होतं आणि तुम्ही पुढच्या घराकडे जाता. त्या घाईत तुमचे नीट आभार मानायचे राहूनच गेले. शिवाय मला जे म्हणायचंय ते गल्लीतल्या सगळ्यांच्या कानावर जावं असं मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

फेब्रुवारीत आम्ही पुण्यात सहकारनगरातलं हे जुनं बैठं घर घेतलं. त्याआधीची सतरा वर्षं फ्लॅटमध्ये गेली. तिथे कचरा म्हणजे रात्री दाराबाहेर ठेवायच्या दोन बादल्या. इथे ताबा मिळाला तेव्हा माळ्यावर आणि मागच्या पडवीत आधीच्यांचा निम्मा संसार तसाच होता. एक सोफा, दोन कापसाच्या गाद्या आणि एक फोमची, लोखंडी कॉट, बिजागरी निखळलेलं गोदरेजचं कपाट, चिरलेली पाण्याची टाकी, डब्यासारखा जुना टीव्ही. बाहेर आंबा, नारळ आणि देशी बदाम. फेब्रुवारी म्हणजे बदामाची पानगळ. सकाळी झाडून घ्यावं तर संध्याकाळपर्यंत अंगणात पुन्हा लालभडक पानांचा थर.

गृहप्रवेशाला नऊ दिवस होते. मी एका टेम्पोवाल्याला फोन केला, अठराशे रुपये ठरले, आणि पहिल्या खेपेला सोफा आणि टाकी गेली. कुठे नेणार, हे मी विचारलं नाही. चार दिवसांनी आंबिल ओढ्यावरच्या पुलावरून जाताना तो सोफा मला काठावर उलटा पडलेला दिसला. निळ्या फुलांचं कापड, उजव्या हाताशी सुतळीनं घातलेले टाके. ओळखायला क्षणही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत. गाडीची दांडी धरून उभ्या राहिलात आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीबद्दल बोललात. त्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी या भागात माणसं गेली, हे मी पेपरात वाचलं होतं. तुमच्या घरात छातीएवढं पाणी होतं, हे त्या दिवशी कळलं. तुम्ही म्हणालात, "नुसतं पाणी येत नाही ताई. गाद्या, लाकडं, फ्रिज, सगळं घेऊन येतं. ते पुलाखाली अडकतं, आणि मग पाणी आमच्या घरात वळतं." माझ्या अठराशे रुपयांत काय विकत घेतलं गेलं होतं, ते मला त्या एका वाक्यात समजलं.

रविवारी तुमच्या सुट्टीच्या वेळात तुम्ही, तुमचे यजमान आणि माझा नवरा असे तिघं ओढ्यावर गेलात. सोफा आणि टाकी दोन्ही परत अंगणात आली. त्या रविवारची दुपार मी विसरणार नाही.

तुम्ही पहिल्यांदा सगळ्या वस्तू ओळीनं मांडायला लावल्यात. "सगळं एका गाडीत घालवायचं म्हटलं की ते ओढ्यातच जातं. एकेक वेगळं काढा." सोफ्याचं कापड तुम्ही फाडलंत, स्प्रिंगा एका बाजूला, लाकूड दुसऱ्या बाजूला, फोम तिसऱ्या. स्प्रिंगा आणि कॉट लोखंडाच्या भावानं भंगारात गेल्या, टाकी प्लॅस्टिकमध्ये. कपाटाची बिजागरी तुमच्या यजमानांनी दोन स्क्रू आणि थोड्या खोबरेल तेलात बसवली. ते कपाट आज तुमच्या भाचीच्या घरी आहे, आणि त्याचा मला फार आनंद आहे.

गाद्यांपाशी मात्र तुम्ही थांबलात. कोपऱ्याची शिवण उसवून आतला कापूस चिमटीत धरलात, वास घेतलात, दोन बोटांनी तंतू हळूच लांबवलात. तो तुटला नाही. म्हणालात, "कापूस चांगला आहे. पिंजाऱ्याला बोलवा, फेकू नका." दोन जुन्या गाद्यांची एक नवी गादी आणि दोन उशा झाल्या. आज माझा मुलगा त्याच गादीवर झोपतो. फोमच्या गादीला असं पुढचं आयुष्य नव्हतं. ती आणि सोफ्याचा फोम कुठे द्यायचा, ते तुम्ही क्षेत्रीय कार्यालयात विचारून आलात, आणि तिथून गाडी येईपर्यंत पडवीतच कोरडं ठेवायला सांगितलंत.

टीव्हीजवळ माझा मुलगा हातोडी घेऊन गेला होता. आतलं तांबं विकता येतं, असं त्यानं कुठेतरी ऐकलं होतं. तुम्ही जवळजवळ धावत आलात. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, आणि ट्यूब फुटली की तुकडे उडतात. तुमच्या कामातल्या जोडीदारणीच्या भुवईवरची खूण त्याचीच आहे, हे तुम्ही त्याला शांतपणे सांगितलंत. त्यानं हातोडी ठेवली. टीव्ही, जुना मिक्सर आणि कपड्यांची तीन गाठोडी 'स्वच्छ' या तुमच्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या व्ही-कलेक्टकडे गेली, ते अशा जुन्या वस्तू गोळा करतात. असं काही शहरात आहे, हे मला तुमच्यामुळे कळलं.

आता पाचोळ्याचं. माळीकाका म्हणाले होते, ढीग करून काडी लावू, आणि मी हो म्हटलं होतं. तुम्ही फाटकातूनच हात वर केलात. "पेटवलं की राख माझ्याच गाडीत येणार. मागं एकीनं गरम राख दिली, बकेटचं बूड वितळलं." कायद्याचं तर मला नंतर समजलं: २०१६ च्या घनकचरा नियमांतच म्हटलं होतं, की बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायचा, तो रस्त्यावर टाकायचा नाही आणि जाळायचाही नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली आणि साध्या जाळपोळीलाही ५,००० रुपये दंड ठरवला.

तुम्ही मात्र दंडाचा विषय काढलाच नाहीत, जाळी आणायला सांगितलीत. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी गोल वळवून आंब्याखाली उभी केली. वीतभर पाचोळा, त्यावर शेणकाला, पुन्हा पाचोळा. बदामाचं पान जाड, चामड्यासारखं, ते लवकर कुजत नाही, म्हणून आधी पायाखाली चुरायचं. मूठ दाबली तर ओल लागावी पण पाणी गळू नये, हे तुम्ही माझ्या हातात हात घालून दाखवलंत. जास्तीची सहा पोती भरली, तेव्हा 'ब्राउन लीफ' या उपक्रमाबद्दलही तुम्हीच सांगितलंत. ज्यांच्याकडे पानं जास्त होतात आणि ज्यांना ती खतासाठी हवी असतात, अशा लोकांची गाठ तिथे पडते. आमची पोती त्या मार्गानं एका गच्चीवरच्या बागेत गेली.

नारळाच्या झावळ्या मी कुंपणाबाहेर ठेवल्या होत्या. त्या तुम्ही आत ओढल्यात आणि पायरीवर बसून विळ्यानं एकेक पात सोलत गेलात. पात बाजूला, हीर बाजूला. तासाभरात मांडीवर हिरांची जुडी झाली, ती तुम्ही सुतळीनं करकचून बांधलीत. तो खराटा आज आमच्या अंगणात आहे, आणि दुकानातल्या दोन खराट्यांपेक्षा जास्त टिकला आहे. आंब्याची फांदी कौलांवर आली होती, तीही मी परस्पर तोडणार होते. उद्यान विभागाची परवानगी आधी काढा, हे तुम्हीच सुचवलंत.

ताई, हे सगळं तुमच्या कामात धरलेलं नाही. तुमचं काम म्हणजे दारोदारचा ओला आणि सुका कचरा. तुम्हाला महापालिकेचा पगार नाही. घरोघरचं महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून विकलं जाणारं भंगार, यावर घर चालतं. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तेव्हापासून तुमच्या सासूबाई तिच्या सभासद. २००८ मध्ये 'स्वच्छ'चा महापालिकेशी करार झाला आणि त्या दारोदार येऊ लागल्या. कापूस चिमटीत धरून ओळखायचा, काच कशी बांधायची, कशाचं काय होतं, हे दोन पिढ्यांचं शिक्षण आहे. मी पदवीधर आहे, पण यातलं काही मला कोणी शिकवलं नव्हतं.

म्हणून गल्लीतल्या मंडळींना एक विनंती करते. दारोदार येणाऱ्या ताईंऐवजी ठेकेदाराची गाडी लावावी, अशी चर्चा गेल्या बैठकीत झाली. गाडी सगळं एकत्र नेईल, हे खरं आहे. कुठे नेईल, ते मी ओढ्याकाठी पाहिलं आहे. २०१७ मध्ये उरुळी देवाचीच्या कचरा डेपोला आग लागली, तेव्हा तिथल्या लोकांनी आपल्या शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या होत्या. ते दिवस आपल्यातल्या अनेकांनी पाहिले आहेत. पुढच्या बैठकीत मी ताईंच्या बाजूनं बोलणार आहे, आणि त्यांचं शुल्क दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत सगळ्यांनी द्यावं, हेही मांडणार आहे.

आणि ताई, जाळीतलं खत तयार झालंय. छातीएवढा ढीग गुडघ्याखाली आलाय, काल चाळलं तर पहिल्या पावसासारखा वास आला. तुमच्या दारात तेलाच्या डब्यातला कढीपत्ता आहे, त्याची पानं पिवळी पडतात असं तुम्ही मागे म्हणाला होतात. त्याच्यासाठी एक गोणी पडवीत बांधून ठेवली आहे. मंगळवारी तुमची गाडी लवकर रिकामी होते, तेव्हा घेऊन जा. चहा ठेवते.

तुमची,
बदामाच्या झाडाच्या घरातली ताई