पन्नाशीपुढच्या बायकांची स्तनतपासणी कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबरमध्ये ठिकठिकाणी स्तनाच्या कर्करोगाची जनजागृती होते, ती चांगलीच आहे. पण त्या शिबिरांना येतात त्या बहुतेक तिशी-चाळिशीच्या नोकरदार बायका. साठीच्या आज्या घरीच असतात. वाढत्या वयाबरोबर या रोगाचा धोकाही वाढतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आरोग्यसेविका म्हणून गावोगाव फिरताना मी हे वर्षानुवर्षं पाहिलं. तपासून घ्या म्हटलं की बायका म्हणतात, 'माझी चारही लेकरं अंगावर पिऊन मोठी झाली, मला कशाला होतंय?' अंगावर पाजण्याने धोका कमी होतो, टळत नाही. दुसरं ठरलेलं उत्तर म्हणजे, 'दुखत तर नाही ना, मग राहू दे.' सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, घात होतो तो इथेच. एका आजींनी पदर बाजूला घेतला तेव्हा स्तनाग्र आत ओढलेलं होतं आणि काखेत गाठ हाताला लागत होती. त्या बीपीच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला दवाखान्यात जात होत्या. डॉक्टरांनी कधी विचारलं नाही आणि आजींनी लाजेने सांगितलं नाही.

मला डॉक्टरांबद्दल बोलायचं आहे. म्हातारी बाई संकोचेल, असं तेच गृहीत धरतात आणि तपासणी टाळतात. काही जण हात न लावता थेट मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, लिहून देतात. तालुक्याच्या गावी ती होत नाही, मग चिठ्ठी पिशवीत पडून राहते. वास्तविक नीट समजावून सांगितलं, आडोसा केला, शेजारी सिस्टर उभी राहिली, तर बायका नाही म्हणत नाहीत.

हाताने केलेल्या तपासणीचा उपयोग किती, याचा पुरावा आपल्याच मुंबईतला आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून तिथल्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांना दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत तपासलं. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तपासलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू न तपासलेल्यांपेक्षा जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते. त्याआतल्या वयात तसा फरक दिसला नाही. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त फायदा, त्यांनाच आपण वगळतो! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही याबाबत ४९ वर्षांपर्यंतच्याच बायकांना विचारतं. २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या शंभरात एकीचीही तपासणी कधी झालेली नव्हती. पुढच्या वयाचा तर हिशेबच नाही.

तिशीनंतर ही तपासणी व्हावी, असं सरकारी मार्गदर्शक सूचनांत आहे. मग प्रत्येक उपकेंद्रात एक खाट, एक पडदा आणि आठवड्यातली एक ठरलेली दुपार एवढी सोय करावी, आणि बीपी-शुगरच्या कार्डावर स्तनतपासणीचा रकाना छापावा. खासगी डॉक्टरांनीही पन्नाशीपुढच्या प्रत्येक बाईला स्वतःहून विचारावं.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
तासगाव (जि. सांगली)