पाहुण्यांचं पाणी बेटाच्या विहिरीतून नको

माननीय केंद्रीय पर्यटनमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : लक्षद्वीपमधील रिसॉर्टना परवानगी देताना पाण्याची अट घालण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार.

समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं बसवण्यात आणि चालती ठेवण्यात माझी बावीस वर्षं गेली. त्यातल्या एका कामासाठी दूरच्या बेटावरच्या एका रिसॉर्टमध्ये काही दिवस राहिले होते. समोर पांढरी पुळण आणि निळं पाणी. मागे माडांच्या आड दिवसरात्र धडधडणारा डिझेल जनरेटर. आरओ यंत्र, म्हणजे समुद्राचं पाणी दाबानं बारीक पडद्यातून ढकलून मीठ मागे ठेवणारं यंत्र, त्याच्यावरच चालायचं. ते यंत्र बंद पडलं की विहिरीवरचा पंप सुरू व्हायचा, आणि त्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर वस्तीच्या विहिरी होत्या. माझ्या मुक्कामातच तिथल्या एका बाईनं मला तिच्या विहिरीचं पाणी चाखायला दिलं. मचूळ झालं होतं. हे पत्र त्या घोटापासून सुरू होतं.

लक्षद्वीपची सगळी बेटं मिळून जमीन सुमारे ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार माणसं ६४ हजारांवर, तीही दहाच बेटांवर. नद्या नाहीत. पावसाचं पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. विहिरीत दिसतं ते या तरंगत्या थराचं पाणी. पाणीशास्त्रातला साधा हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या जितकी वर, त्याच्या सुमारे चाळीसपट खोल तो थर. म्हणजे उपशानं पातळी एक सेंटिमीटर उतरली, तर खालचं खारं पाणी चाळीस सेंटिमीटर वर सरकू शकतं. जोरकस पंप लावला तर ते पंपाच्या तोंडाखाली शंकूसारखं उठतं आणि थेट विहिरीत येतं. एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जावे लागतात. घागरीनं पाणी शेंदणाऱ्या घरानं ही चूक कधी केली नसती. त्या चुकीला मोटार लागते.

सरकारनं बेटवासीयांसाठी मोठं काम केलं आहे, ते मान्य करूनच पुढे लिहिते. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेनं २००५ मध्ये कवरत्ती बेटावर रोज एक लाख लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प उभारला. पृष्ठभागाचं कोमट पाणी निर्वात टाकीत घ्यायचं, त्याची वाफ होते; खोल समुद्रातून ओढलेल्या थंड पाण्यानं त्या वाफेचं पुन्हा पाणी करायचं. पुढे मिनिकॉय आणि अगत्ती, आणि जानेवारी २०२४ मध्ये कदमतला रोज दीड लाख लिटरचा प्रकल्प सुरू झाला. त्याच वेळच्या लक्षद्वीप दौऱ्यात पंतप्रधानांनी कवरत्तीतल्या बॅटरीजोड सौर वीजप्रकल्पाचंही लोकार्पण केलं. हे पाणी गावांसाठी आहे. त्यात रिसॉर्टचे नळ वाटेकरी झाले, तर वीस वर्षांच्या कष्टाचं मोल घसरेल.

म्हणून माझी मागणी एकच : बेटावरच्या प्रत्येक रिसॉर्टनं आपलं पाणी समुद्रातूनच घ्यावं आणि ते सौर विजेवर गोडं करावं. भूजलाचा एक थेंबही नको. ही अट परवानगीतच असावी.

हे परवडतं का, असं विचारलं जाईल. समजा शंभर पाहुणे आहेत, माणशी ४०० लिटर. ऐंशी कर्मचारी, माणशी १३५ लिटर. दिवसाला साधारण ५० हजार लिटर झाले. दाबाची ऊर्जा परत मिळवणारं उपकरण असलेलं बऱ्यापैकी आरओ यंत्र हजार लिटरला पाच युनिटच्या आसपास वीज घेतं, म्हणजे दिवसाला अडीचशे युनिट. त्याला ६०-६५ किलोवॅटचे सौर पॅनल पुरतात, जागा सुमारे सहाशे चौरस मीटर. खोल्यांची आणि भटारखान्याची छपरं त्यासाठी आहेतच. हेच जनरेटरवर केलं तर रोज पंचाहत्तरेक लिटर डिझेल जळतं, आणि तेही मुख्य भूमीवरून जहाजानं आणलेलं.

रात्रीचं काय? इथे बॅटरीचा बाऊ करायची गरज नाही. वीज साठवण्यापेक्षा पाणी साठवणं कितीतरी स्वस्त. उन्हाच्या सहा-सात तासांत दिवसाचं पाणी करून ठेवायचं आणि दोन दिवसांची टाकी बांधायची. शिवाय पर्यटनाचा हंगाम म्हणजे पावसाळा सोडून उरलेले महिने. पाहुणे आणि ऊन एकाच वेळी येतात. अडचण आहे ती वेगळी. ढग आला की दाब खालीवर होतो, आणि रोज बंद-चालू करताना मेम्ब्रेनला, म्हणजे यंत्रातल्या त्या गाळणाऱ्या पडद्याला, खारं पाणी लागून राहिलं की ती लवकर खराब होते. संध्याकाळी यंत्र थांबवताना गोड्या पाण्यानं धुऊन ठेवलं तर ती टिकते. हे करणारा प्रशिक्षित माणूस बेटावरच हवा. बेटावरच्या मुलामुलींना ही कामं शिकवून ती त्यांच्यासाठीच राखून ठेवा.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे. ५० हजार लिटर गोडं पाणी काढताना सुमारे ७५ हजार लिटर दाट खारं पाणी उरतं, लिटरमागे ५८ ग्रॅमच्या आसपास मीठ असलेलं. समुद्रात ते ३५ असतं. हे पाणी जड, तळाशी बसणारं. लगूनमध्ये, म्हणजे बेट आणि प्रवाळाचा कडा यांच्यामधल्या उथळ पाण्यात, सोडलं तर ते प्रवाळावर आणि समुद्रगवतावर पसरून राहतं. हेच प्रवाळ १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ च्या उष्ण पाण्यात पांढरे पडले होते. त्यांच्यावर आणखी मीठ ओतू नये. हे खारं पाणी सोडणारा सांडपाइप प्रवाळाच्या कड्याबाहेर, खोल आणि वाहत्या पाण्यात, अनेक छिद्रांनी पांगवणाराच हवा.

रिसॉर्टच्या विहिरींना मीटर लावून उपयोग नाही; विहिरी नकोतच. मीटर हवेत ते गोड्या पाण्यावर, विजेवर आणि सांडपाइपावर, आणि त्यांचे आकडे दर महिन्याला बेटाच्या पंचायत कार्यालयाच्या फलकावर लागावेत. जवळच्या वस्तीतल्या विहिरींचा खारटपणाही त्याच फलकावर असावा, हंगामाआधी आणि हंगामानंतर मोजलेला.

हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. त्याआधी ही अट निविदांच्या मसुद्यात घातली जावी, आणि ज्या रिसॉर्टना आधीच परवानगी मिळाली आहे त्यांनाही ती ठरावीक मुदतीत लागू व्हावी, अशी विनंती करते. मसुद्याच्या तांत्रिक भागासाठी माझा वेळ मी विनामोबदला देईन.

आपली विश्वासू,
एक पाणी-अभियंता