पलीकडचे

कॉर्क, आयर्लंड
१६ जुलै २०२५

प्रिय आई,

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "पलीकडच्यांनी नेलं म्हणून पप्पा वाचले." नंतर तीनदा विषय निघाला आणि तीनदाही तू 'पलीकडचे'च म्हणालीस. 'बापूकाका' म्हणायला तुझी जीभ वळली नाही. माझीही वळली नसती. दोन घरांमधला दगडी गडगा वीतभर सरकला की नाही, यावर ११ वर्षं वेंगुर्ल्याच्या कोर्टात तारखा चालल्यात. दोनदा मोजणी झाली, तरी फणस कोणाचा ते ठरायचंच आहे.

ती रात्र सारखी डोळ्यांसमोर येते. पाऊस, लाईट गेलेली, पप्पांचा उजवा हात लुळा, तोंड वाकडं. पाणंदीतून बापूकाकांची ओम्नी गाडी येईना, तेव्हा त्याच गडग्याचे चिरे काकांनी स्वतः बाजूला फेकले आणि गाडी आपल्या खळ्यात आणली. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्यातले तीन गेले होते. उजाडायची वाट बघत बसला असतात तर... नर्स असून मला पुढचं लिहवत नाही.

आणि त्याच रविवारी चर्चमध्ये मिस्सेला बायबलातल्या लूकच्या दहाव्या अध्यायातलं वाचन, दयाळू शोमरोन्याचं! कॅटेकिझमला, धर्मशिक्षणाच्या वर्गात, आम्ही त्याचं नाटक करायचो, मला नेहमी गाढव करायचे. त्या गोष्टीतलं यरुशलेमहून यरीहोला जायचं म्हणजे सुमारे १००० मीटरचा उतार, आपल्या आंबोली घाटाहून मोठा. यहुदी आणि शोमरोनी यांचं भांडण तर शेकडो वर्षांचं. भक्ती कुठे करायची, यरुशलेमात की गरिज्जीम डोंगरावर? म्हणजे जागेवरूनच ग!

एक शास्त्री, धर्माचे नियम जाणणारा, येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? येशू गोष्ट सांगतो: चोरांनी लुटून अर्धमेल्या टाकलेल्या माणसाला दोन यहुदी धर्मसेवक बघून पुढे गेले, शोमरोन्याने मात्र त्याला जनावरावर घालून नेलं. आणि उलट त्यालाच विचारतो, तिघांपैकी शेजारी कोण झाला? शास्त्री 'शोमरोनी' म्हणत नाही. 'ज्याने दया केली तो,' म्हणतो. फादर पुढे बोलत राहिले, मी तिथेच अडकले. तुझं 'पलीकडचे' कानात होतं.

देवाने हे आपल्यालाच का दिलं, असं तू विचारलंस. मला ठाऊक नाही. बायबलातल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं. बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. 'देव परीक्षा बघतो' म्हणणारे घरी येतील. त्यांना चहा दे, वाद घालू नकोस. इथे रात्रपाळीला एका आजींचा लुळा हात धरून बसते, तेव्हा मला दुःखाचा अर्थ वगैरे काही कळत नाही. हात तेवढा ऊबदार होतो.

केस मागे घ्या असं मी म्हणत नाही. ते पप्पांनी ठरवायचं, नीट बोलायला लागले की. काकांना पेट्रोलचे पैसे मात्र देऊ नकोस, रागावतील. यंदाची आमसुलं घेऊन तूच जा. गडग्याच्या त्या फटीतून गेलीस तर जवळ पडेल.

पप्पांना पाणी ताठ बसवूनच पाज, एकेक चमचा. ठसका लागला की थांब. उजवा हात रोज दोनदा हलवून घे, दुखतोय म्हणाले तर जोर करू नकोस. पुढच्या फोनला त्यांच्या कानाशी मोबाईल धर.

तुझी
बाय